यूट्यूब टीव्हीवर जातं, मग बाकीचं का अडतं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातलं, मंगळवार पेठेतलं जुनं घर. फायबर खाली सोप्यात येतो, टीव्ही माडीवर आहे, ४३ इंची, अँड्रॉइडचा. माडीवर रेंज पोचत नाही म्हणून तिथं दुसरा राउटर लावलाय. घरात एक सॅमसंगचा फोन, एक आयफोन आणि एक टॅब. फोनवरचं यूट्यूब टीव्हीवर छान लागतं. पण गॅलरीतले फोटो जात नाहीत, आयफोनला टीव्ही दिसतच नाही, आणि फोनची अख्खी स्क्रीन टीव्हीवर घेतली तर ओटीटीचं (नेटफ्लिक्ससारखं) ॲप काळं पडतं, नुसता आवाज येतो. दुकानदार म्हणतो टीव्ही बदला. बदलावा का?

बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून टीव्हीत दोष दिसत नाही. दोष बहुतेक माडीवरच्या राउटरच्या जोडणीत आहे. आणि काळ्या पडद्याचा तर बिघाडाशी संबंधच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. कास्ट आणि मिररिंग या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कास्ट करताना फोन टीव्हीला फक्त सांगतो की अमुक व्हिडिओ लाव. पुढं टीव्ही तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून आणतो. तुम्ही फोन लॉक करा, कुणाशी बोला, चित्राला धक्का लागत नाही. मिररिंगमध्ये फोन आपल्या स्क्रीनचं चित्र सेकंदाला अनेक वेळा दाबून टीव्हीकडे पाठवत राहतो. फोन तापतो, बॅटरी उतरते, चित्र फुटतं, आवाज मागं पडतो. म्हणून ज्या ॲपमध्ये कास्टचं चिन्ह आहे (चौकोन आणि कोपऱ्यात तीन कमानी) तिथं मिररिंगच्या वाटेला जाऊच नये.

आता यूट्यूबचं कोडं. कास्टसाठी फोन आणि टीव्ही एकाच घरगुती नेटवर्कवर असावे लागतात, कारण फोन त्या नेटवर्कवर 'इथं टीव्ही आहे का कुणी?' अशी हाक मारतो आणि टीव्ही ओ देतो. ही हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. यूट्यूबला मात्र आणखी एक वाट आहे. फोन आणि टीव्हीवर एकच खातं असेल, किंवा टीव्हीवर दिसणारा कोड एकदा फोनमध्ये घातला असेल, तर दोघं थेट इंटरनेटवरून एकमेकांना ओळखतात. फोन मोबाइल डेटावर आणि टीव्ही वायफायवर असला तरी चालतं. म्हणजे 'यूट्यूब जातं, बाकी काही जात नाही' ही तक्रार आली की पहिला संशय हाच घ्यायचा: फोन आणि टीव्ही दोन वेगळ्या नेटवर्कवर आहेत.

याची खात्री पाच मिनिटांत होते. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, जोडलेल्या वायफायच्या नावावर जा आणि आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) कागदावर लिहून घ्या. सॅमसंगच्या फोनवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय, मग नावाशेजारचं दातेरी चाक. आयफोनवर सेटिंग्ज, वायफाय, नावाशेजारचं गोलातलं चिन्ह. समजा टीव्हीचा पत्ता १९२.१६८.०.१०१ निघाला आणि फोनचा १९२.१६८.१.७. पहिले दोन आकडे जुळतात, तिसरा जुळत नाही. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तिन्ही आकडे सारखे हवेत, फक्त शेवटचा वेगळा. तिसरा वेगळा आला म्हणजे दोघं भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत आहेत आणि मधे दार नाही.

हे घडतं कसं? खालच्या फायबरच्या डब्यातून वायर वर नेली आणि माडीवरच्या राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या खोबणीत घातली, की तो राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. इंटरनेट दोन्हीकडे मिळतं, त्यामुळं बसवणारा माणूस काम झालं म्हणून निघून जातो. टीव्ही वरच्या वायफायला जोडला जातो, फोन मात्र जिना चढून वर आला तरी जुन्या ओळखीच्या खालच्या नावाला चिकटून राहतो.

दुरुस्तीसाठी एक पैसा लागत नाही. ब्राउझरमध्ये वरच्या राउटरचं पान उघडून लॉगिन करा (पत्ता आणि पासवर्ड बहुधा त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो) आणि 'ऑपरेशन मोड' शोधा. तिथं 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडून सेव्ह करा. राउटर बंद होऊन चालू होईल आणि नवे पत्ते वाटायचं काम एकट्या खालच्या डब्याकडे राहील. राउटर जुना असेल आणि हा पर्याय नसेल तर हातानं करावं लागतं, आणि तिथं क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या राउटरचा स्वतःचा लॅन (घरातल्या नेटवर्कवरचा) पत्ता बदलून खालच्या रांगेतला द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०. खालचा डबा कुठल्या आकड्यांपर्यंत पत्ते वाटतो ते त्याच्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर दिसतं. त्या पट्ट्याबाहेरचा आकडा घ्या, नाहीतर उद्या तोच पत्ता एखाद्या फोनला मिळेल आणि दोघंही अडतील. मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून वरच्याचं डीएचसीपी बंद करा. शेवटी वायर वॅनच्या खोबणीतून काढून लॅनच्या कुठल्याही खोबणीत घाला. डीएचसीपी आधी बंद केलं आणि पत्ता बदलायचा राहिला, तर राउटरचं पानच उघडेनासं होतं आणि रीसेट करून सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वरच्या-खालच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवा, म्हणजे फोन जिना चढताना आपोआप बदलतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मात्र दोघांना वेगळे चॅनल द्या, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. पेठेत घरं इतकी दाट आहेत की आसपासची दहा-बारा वायफाय सहज दिसतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवलेली बरी.

आता भिंतींचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या असतात. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान, पण अशा एका भिंतीतच जवळजवळ मरतो. २.४ पार जातो, पण हळू आणि गर्दीतला. अशा घरात वायरलेस रिपीटर घेण्यात पैसे घालवू नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो, आणि भिंतीआड ठेवला तर त्यालाच धड ऐकू येत नाही. जिन्याच्या कडेनं कॅट-६ वायर वर न्या. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, घरात इतकी कधीच लागत नाही. तिथं ॲक्सेस पॉइंट ठेवा आणि टीव्हीला त्याच्यापासून लहान वायर जोडा. बऱ्याच टीव्हींची लॅनची खोबण १०० एमबीपीएसचीच असते, याची काळजी करू नका. फोर-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. टीव्ही वायरवर आणि फोन वायफायवर असला तरी कास्ट होतं. नेटवर्क एक असलं म्हणजे झालं.

पत्ते जुळले आणि तरीही टीव्ही दिसत नाही, असंही होतं. मग फोनवरचं व्हीपीएन (सगळी ये-जा दूरच्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद करा; त्यातून जाणारी हाक घरातल्या टीव्हीपर्यंत पोचत नाही. वायफाय 'गेस्ट' नावाचं तर नाही ना, ते बघा. गेस्ट नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल तर तेच होतं. अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांना खोलीतल्या टीव्हीवर कास्ट करता येत नाही, ते बहुधा यामुळंच. तिथं यूट्यूबचा कोड किंवा सरळ वायर हेच उपाय. अँड्रॉइड १३पासून ॲपला 'निअरबाय डिव्हाइसेस'ची परवानगी लागू शकते. वायफाय मंद झाला की गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, तीही बंद करून बघा.

आयफोनला हे सगळं लागू आहेच, शिवाय दोन गोष्टी जास्त. २०२०च्या आयओएस १४पासून प्रत्येक ॲपला घरातलं नेटवर्क बघण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलं असेल तर कास्टच्या यादीत टीव्ही कधीच येत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क इथं जाऊन यूट्यूब, गूगल फोटोज वगैरेंची बटणं चालू करा. दुसरं, आयफोनचं स्क्रीन मिररिंग म्हणजे एअरप्ले, आणि अँड्रॉइड फोनचं बहुधा मिराकास्ट. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'ॲपल एअरप्ले' असं काही लिहिलेलं नसेल, तर आयफोनच्या मिररिंगच्या यादीत तो येणार नाही, कितीही वेळा रीस्टार्ट करा. ॲपमधलं कास्टचं चिन्ह मात्र आयफोनवरही चालतं, म्हणून यूट्यूब आणि गूगल फोटोजपुरती तुमची अडचण सुटते.

मिराकास्टला राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फोन आणि टीव्ही आपसात थेट वायफाय जोडतात. सॅमसंगमध्ये याचं नाव स्मार्ट व्ह्यू. बाकी कंपन्या स्क्रीनकास्ट, वायरलेस डिस्प्ले, स्मार्ट मिररिंग अशी नावं देतात. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ते नाहीच, तिथं गूगल होम ॲपमधून स्क्रीन कास्ट करावी लागते. मिराकास्ट अडखळत असेल तर ब्लूटूथ बंद करून बघा, ते २.४ गिगाहर्ट्झमध्येच चालतं. मिररिंग चालू असताना फोनवर येणारा प्रत्येक मेसेज टीव्हीवर झळकतो, बँकेचा ओटीपीसुद्धा. चार माणसं बसलेली असतील तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. आणि फोनवरून कुणी 'टीव्ही जोडून देतो, हे ॲप टाका' म्हणून स्क्रीन शेअर करणारं किंवा फोनचा ताबा घेणारं ॲप टाकायला लावलं तर तिथंच फोन ठेवा. टीव्हीला फोन जोडायला असलं ॲप कधीच लागत नाही.

काळा पडदा. ओटीटीवाल्यांचं चित्र कुलूपबंद असतं. फोनवर ते उघडतं, पण स्क्रीनची नक्कल काढून बाहेर पाठवायला गेलं की ॲप चित्र झाकून घेतं. आवाज जातो, चित्र जात नाही. स्क्रीनशॉट काढला तरी काळाच येतो, कारण एकच आहे. यावर फोनच्या सेटिंगमध्ये इलाज नाही. टीव्हीवरचं त्या कंपनीचं ॲप उघडा आणि फोनवर कोड टाकून लॉगिन करा. फक्त घेतलेला प्लॅन तपासा. नेटफ्लिक्सच्या मोबाइल प्लॅनमध्ये टीव्ही नाहीच, तो फोन आणि टॅबपुरता आहे. शिवाय २०२५च्या अखेरीस नेटफ्लिक्सनं रिमोट असलेल्या बहुतेक टीव्हींवर फोनवरून कास्ट करणं बंद केलं. तिथलं चिन्ह एकाएकी गायब झालं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

फोटोंसाठी सगळ्यांत सोपं गूगल फोटोज. फोटो उघडा, कास्टचं चिन्ह दाबा, मग फोनवर बोट सरकवलं की टीव्हीवर फोटो बदलतो. लग्नाचे, बारशाचे मोठे व्हिडिओ मात्र इथं अडतात, आणि त्याचं कारण आकड्यांत दिसतं. आयफोनवर फोर-के, ६० फ्रेम असा व्हिडिओ काढला तर मिनिटाला साधारण ४०० एमबी होतात, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटच्या वर. भिंतीआडून येणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झला हे ओझं झेपत नाही. असे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या मागं लावा. पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, वरच्या हिशेबानं दहा मिनिटांचा व्हिडिओ. एक्सफॅट करा, पण तुमचा टीव्ही तो वाचतो का ते एक लहान फाइल टाकून आधी बघा. आयफोनचे फोटो टीव्हीवर पेनड्राइव्हमधून उघडत नसतील तर ते एचईआयसी प्रकारचे असतील. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा.

टॅबबद्दल. अभ्यासाचा व्हिडिओ टॅबवरून कास्ट केला तर टॅब मोकळा राहतो. मुलगी टीव्हीवर बघत टॅबवर उतरवून घेऊ शकते. मिररिंगमध्ये हे जमत नाही. उलट शिकवणीत पेननं टॅबवर गणित सोडवून दाखवायचं असेल तर मिररिंगच हवं, आणि तिथं वायर सगळ्यांत चांगली, कारण पेन आणि अक्षर यांच्यात अंतर पडत नाही. टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घेण्याआधी एक गोष्ट बघाच: टाइप-सीची खोबण सगळीकडे सारखी दिसते, पण चित्र बाहेर पाठवणं प्रत्येकीला जमत नाही. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या महागड्या टॅबना जमतं, स्वस्त टॅब ए मालिकेला नाही. टाइप-सी असलेल्या आयपॅडना आणि आयफोन १५ व त्यापुढच्या बहुतेकांना जमतं. कमी किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनना जमत नाही, आणि कुठलाही अडॅप्टर आणला तरी जमणार नाही. लक्ष्मीपुरीत अडॅप्टर घ्यायला जाताना टॅब बरोबर न्या आणि दुकानातल्या टीव्हीवर लावून बघूनच पैसे द्या. आयपॅडच्या बऱ्याच मॉडेलांची स्क्रीन ४:३ अशी चौकोनी असते, टीव्ही १६:९ असतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, तो दोष नव्हे.

रिमोटनं एकेक अक्षर टिपत 'किरणोत्सव' लिहायचं म्हणजे वैताग. फोनवर गूगल टीव्ही ॲप घ्या, टीव्हीवर दिसणारा कोड टाका, फोन रिमोट होतो आणि फोनचाच मराठी कीबोर्ड टीव्हीला मिळतो. किरणोत्सव म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा; ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला घरोघरी त्याचं थेट दर्शन लावलं जातं. थेट प्रक्षेपण मुळातच काही सेकंद मागं असतं, आणि मधे एकदा थांबवलं तर तेवढं आणखी मागं पडतं. किरणं सरकताना मिनिटांचा खेळ असतो, म्हणून 'लाइव्ह' हे बटण दाबून पुढं आणून ठेवा.

तालमीत सामना लावायचा असेल आणि तिथं फायबर नसेल तर फोनचं हॉटस्पॉट चालतं. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरूनच कास्ट करायला गेलात तर काही फोनवर जमतं, काहींवर नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे टीव्ही आणि दुसरा फोन दोघंही त्या हॉटस्पॉटवर घ्यायचे. फुल एचडीला तासाला दीड ते तीन जीबी जातात, त्यामुळं रोजच्या २ जीबीच्या पॅकवर सामना शेवटपर्यंत पोचेलच असं नाही. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये दातेरी चाकातून चित्र ७२०पी किंवा ४८०पीवर आणून ठेवा.

लाइट जाऊन आल्यावर कास्ट बंद पडणं ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. टीव्ही लवकर उठतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. टीव्हीला पत्ता मिळत नाही आणि तो तसाच बसून राहतो. डब्याचे दिवे स्थिर झाले की टीव्हीचा प्लग ३० सेकंद काढून परत लावा. रिमोटनं बंद करून उपयोग नाही, त्यानं टीव्ही नुसता झोपतो. टीव्हीची तारीख-वेळ चुकली असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते, म्हणून ती आपोआप नेटवरून घेण्यावर ठेवा. डब्याला छोटा यूपीएस लावता येतो, पण डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट यूपीएसशी जुळले पाहिजेत; बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. यूपीएसवरचा ॲम्पिअरचा आकडा डब्याच्या अडॅप्टरएवढा किंवा जास्त हवा.

एवढं करूनही कास्टच्या यादीत टीव्ही आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, सगळी ॲप्स, सिस्टिम ॲप्स दाखवा असं करत गूगल कास्ट (जुन्या टीव्हीवर क्रोमकास्ट बिल्ट-इन) शोधा. बंद असेल तर चालू करा. चालू असेल तर अपडेट काढून टाका आणि प्ले स्टोअरवरून पुन्हा घ्या. टीव्हीची साठवण भरली असेल तरीही हे ॲप मुकं होतं. ८ जीबीच्या टीव्हीत हे वारंवार घडतं. न वापरलेली ॲप्स काढा.

तरीही नाही जमलं तर नवा टीव्ही नको, गूगल टीव्ही चालणारी एचडीएमआय स्टिक घ्या. टीव्हीच्या किमतीच्या लहानशा भागात काम होतं. फक्त ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. साध्या यूएसबी खोबणीतून अर्धा ॲम्पिअर मिळतो, स्टिकला जास्त लागतो, आणि मग ती व्हिडिओ चालू असतानाच बंद होऊन पुन्हा चालू होत राहते. तिच्याबरोबर आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा.